‘द सन्स रूम’ सोप्या भाषेत: मुलगा एकच गेला, पण घरात प्रत्येकाचं दुःख वेगळं का?

इटालियन दिग्दर्शक नान्नी मोरेत्तीचा ‘द सन्स रूम’ हा पिक्चर २००१ साली आला, त्याच वर्षी फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात त्याला पाम दोर हे सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं आणि इटलीला ते बक्षीस १९७८ नंतर पहिल्यांदाच मिळत होतं म्हणून तिकडे गाजावाजाही बराच झाला. पण पिक्चर बघून आलेल्या निम्म्या लोकांची तक्रार एकच असते, की यात काही घडतच नाही. मुलगा जातो, घरचे रडतात, एक पोरगी येते, गाडीतून फिरतात, संपला. मला उलट वाटतं. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या डोक्यात नेमकं काय चालतं यावर मानसशास्त्रवाले शंभरएक वर्षं भांडतायत, आणि त्यातलं बरंच काही या ९९ मिनिटांत कुणीही लेक्चर न देता दिसून जातं. फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. म्हणून हा लेख. स्टोरी सगळी सांगणार आहे, स्पॉयलर नको असतील तर आधी बघून या, तसंही या पिक्चरमध्ये लपवण्यासारखा सस्पेन्स काही नाहीये.

आंकोना नावाचं शहर, इटलीच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर, एड्रिॲटिक समुद्राचं बंदर. तिथे जोव्हान्नी नावाचा सायकोॲनालिस्ट, म्हणजे पेशंटचं बोलणं ऐकून मनावर उपचार करणारा, राहतो (हा रोल मोरेत्तीने स्वतःच केलाय), बायको पाओला म्हणजे लाउरा मोरांते, मुलगी इरेने म्हणजे जास्मिन त्रिंका जिचा हा पहिलाच पिक्चर, आणि मुलगा आंद्रेआ. खाऊनपिऊन सुखी घर आहे, दवाखाना घराला लागूनच, गाडीत सगळे मिळून १९६८ सालचं कॅतेरिना कासेल्ली या गायिकेचं गाणं म्हणतात (गाणं चक्क सोडून जाण्याचं आहे, पण त्या वेळी कुणाच्या लक्षात येतंय), इरेने बास्केटबॉल खेळते, आंद्रेआ टेनिस खेळतो पण जिंकायची जिद्द त्याच्यात नाही आणि बापाला ते खटकतं.

सुरुवातीला एक छोटं प्रकरण आहे ते नीट लक्षात ठेवा. शाळेच्या लॅबमधला एक जीवाश्म, अमोनाइट, चोरीला जातो आणि आळ आंद्रेआवर येतो. तो म्हणतो मी नाही घेतला. बाप त्याच्या बाजूने उभा राहतो, दुसऱ्या पोराच्या घरी जाऊन शहानिशा वगैरे करतो. आणि नंतर कधीतरी आंद्रेआ आईला हळूच सांगतो की आम्हीच घेतला होता, गंमत म्हणून, परत ठेवणार होतो पण तो फुटला. एवढंच. बघताना वाटतं हे कशाला घातलंय मधेच. पण इथेच पिक्चरने मुद्दा मांडून टाकलाय, की मुलगा जिवंत असतानाच आईचा आंद्रेआ आणि बापाचा आंद्रेआ हे दोन वेगळे आंद्रेआ आहेत. मग तो गेल्यावर दोघांचं दुःख एकसारखं कसं असेल?

मग तो रविवार येतो. बापाने ठरवलेलं असतं की आज मुलासोबत पळायला जायचं. तेवढ्यात ऑस्कर नावाच्या पेशंटचा फोन येतो (सिल्वियो ओरलांडोने केलाय, मस्त), त्याला फुफ्फुसात काहीतरी निघालंय, तो पार हादरलाय, ताबडतोब या म्हणतो. जोव्हान्नी जातो. आंद्रेआ मग मित्रांबरोबर स्कूबा डायव्हिंगला जातो. इथे मोरेत्तीने एक चलाखी केलीये, चौघांना आळीपाळीने दाखवतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला धोका ठेवतो. बापाच्या गाडीसमोर ट्रक येतो, आई बाजारात फिरत असताना पळणारा चोर तिला धडकतो, इरेने मैत्रिणींबरोबर स्कूटरवर मस्ती करतेय एकमेकींना लाथा मारत. आपण बघताना म्हणतो आता हिचा ॲक्सिडेंट होणार, आता ह्याचा. त्या तिघांना काहीच होत नाही. जातो तो आंद्रेआ, आणि तो कसा जातो हे मात्र आपल्याला दाखवतच नाहीत. म्हणजे कुणाचंही होऊ शकलं असतं, ह्याचं झालं, कारण असं काही नाही. आणि पुढचा सगळा पिक्चर म्हणजे घरातल्या लोकांची ते कारण शोधायची धडपड आहे.

त्याआधी शवपेटीच्या सीनबद्दल बोलू, कारण आपल्याकडच्या प्रेक्षकाला तो पटकन कळत नाही. घरचे शेवटचं बघून घेतात आणि मग कामगार येऊन पेटी बंद करतात, पण नुसतं झाकण लावून नाही, आत जस्ताचा पत्रा असतो तो गॅसच्या ज्योतीने डाग देऊन पक्का करतात आणि मग वरच्या लाकडी झाकणाला स्क्रू पिळतात, ड्रिलचा आवाज सगळा. हे दिग्दर्शकाने नाटकीपणासाठी घातलेलं नाहीये. इटलीत बऱ्याच ठिकाणी मृतदेह जमिनीत पुरत नाहीत, स्मशानभूमीतल्या भिंतींमध्ये एकावर एक कप्पे असतात त्यात पेटी ठेवतात, आणि तशी ठेवायची तर लाकूड अधिक जस्त अशी दुहेरी हवाबंद पेटी लागते असा तिथला नियमच आहे. आपल्याकडे चितेला अग्नी देताना जे होतं ते तिथे वेल्डिंगच्या आवाजात होतं. मोरेत्ती तिथे म्युझिक लावून आपल्याला सावरत नाही, कामगार त्यांचं काम करतायत आणि आईबाप बघतायत, बस. निकोला पिओव्हानीचं संगीत आहे पिक्चरला, ज्याला दोन वर्षं आधीच ऑस्कर मिळालं होतं, तरी अशा जागी त्याला गप्प बसवायची हिंमत मोरेत्तीने दाखवलीये.

आता मुख्य विषयाकडे येऊ. दुःखाबद्दल सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट म्हणजे त्या पाच पायऱ्या, आधी नाकारणं मग राग मग सौदेबाजी मग नैराश्य मग स्वीकार. व्हॉट्सॲपवर फिरतात, मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, जिथे तिथे. ह्या आल्या एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातून, आणि गंमत अशी की त्यांनी ज्यांच्याशी बोलून हे लिहिलं ते कुणाच्या मागे राहिलेले लोक नव्हतेच, ते स्वतः मरणाच्या दारात असलेले पेशंट होते. म्हणजे जाणाऱ्याचं वर्णन उचलून राहणाऱ्यावर चिकटवलं गेलं. नंतरच्या संशोधकांना मागे राहिलेल्यांमध्ये हा असा ठरावीक क्रम काही दिसला नाही. पण लोकांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की कुणी तिसऱ्या महिन्यात हसलं तर आपण म्हणतो हा अजून मान्यच करत नाहीये, आणि दोन वर्षांनी रडलं तर म्हणतो अजून अडकलाय. ‘द सन्स रूम’ या पायऱ्यांवरून बघायला गेलात तर काहीच लागणार नाही हाताला.

जोव्हान्नी बघा. त्याच्या डोक्यात एकच सीन पुन्हा पुन्हा चालतो: फोन आला, मी ऑस्करला म्हणालो आज नाही जमणार, आणि आम्ही दोघं पळायला गेलो. पिक्चर आपल्याला ते खरंच दाखवतो, बाप-लेक पळतायत, आणि क्षणभर आपणही फसतो. एकदा तर तो सीडी लावून गाण्यातला तोच तुकडा मागे नेऊन परत परत ऐकतो, टाइम मागे नेता येतो का ते बघतोय जसं काही.

याला मानसशास्त्रात नाव आहे, काउंटरफॅक्चुअल थिंकिंग, म्हणजे “असं झालं असतं तर” असा विचार, आणि त्यावर एक फार भारी प्रयोग झालेला आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ च्या सुमारास लोकांना एक गोष्ट वाचायला दिली. एक माणूस ऑफिसातून घरी जाताना ॲक्सिडेंटमध्ये जातो, एक नशा केलेला पोरगा ट्रक घेऊन येऊन त्याला धडकतो. काही जणांना दिलेल्या गोष्टीत तो नेहमीच्या रस्त्याने न जाता त्या दिवशी वेगळ्या रस्त्याने गेलेला असतो, आणि काहींना दिलेल्या गोष्टीत रस्ता नेहमीचाच पण तो त्या दिवशी लवकर निघालेला असतो. मग विचारलं, घरचे लोक नंतर काय म्हणत बसतील? बहुतेकांनी तेच पकडलं जे त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं होतं. म्हणजे नेहमीच्या रस्त्याने गेला असता तर. किंवा नेहमीच्या वेळेला निघाला असता तर. खरा दोष त्या नशेतल्या पोराचा आहे, पण “तो पोरगा नशेत नसता तर” हे फार कमी जणांच्या डोक्यात आलं.

जोव्हान्नीचं डिट्टो हेच आहे. आंद्रेआ समुद्रात गेला होता, पाण्याखाली गेला, त्याला समुद्राची आवड होती, दुसऱ्या रविवारीही गेलाच असता की. पण बापाचं मन तिथे जातच नाही, ते जातं फोनवर, कारण रविवारी पेशंटच्या घरी जाणं हेच त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं होतं (ॲनालिस्ट लोक तसे घरी वगैरे जात नाहीत, त्यांचं सगळं ठरलेल्या खोलीत ठरलेल्या वेळेला). आणि अजून एक, ती एकच गोष्ट त्याच्या हातात होती. समुद्राला दोष देऊन काय करणार, स्वतःला देता येतो. मला तर वाटतं की माणूस अपराधीपणा इतका घट्ट धरून ठेवतो त्यामागे हेही असतं, माझ्यामुळे झालं म्हटलं की निदान ते टाळता आलं असतं असं तरी होतं, उगीचच झालं हे पचवणं त्याहून अवघड आहे.

मग तो डायव्हिंगच्या सामानामागे लागतो. श्वास घ्यायचं उपकरण खराब होतं का, हवा संपली का, तो गुहेत कशाला शिरला. दुकानात जाऊन विचारतो, घरात तेच बोलत राहतो, बायको-मुलगी कंटाळतात. बघणाऱ्याला पण कंटाळा येतो आणि तो यायलाच पाहिजे. काही माणसं दुःख रडून बाहेर काढतात, काही ते कामाला लावतात, म्हणजे चौकशी करतात, कागद गोळा करतात, दुरुस्त्या करतात. दुःखावर काम करणाऱ्या केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या अमेरिकन अभ्यासकांनी या दोन पद्धतींवर बरंच लिहिलंय, आणि त्यांचं म्हणणं असं की हा बाई-पुरुष असा सरळ फरक नाही, स्वभावाचा आहे, दोन्हींचं मिश्रणही असतं. प्रॉब्लेम कधी होतो तर एकाला दुसऱ्याची पद्धत दुःख वाटतच नाही तेव्हा. एकाला वाटतं हा काय रबरी नळ्यांबद्दल बोलतोय, दुसऱ्याला वाटतं ही नुसती रडतेय, नक्की काय झालं ते कुणाला शोधायचंच नाहीये.

पाओलाचं दुःख शरीरातून येतं. पलंगावर पडून ती जी ओरडते ना, तो सीन बघवत नाही, लाउरा मोरांतेने तिथे अभिनय वगैरे दाखवलेलाच नाही. पण लक्षात घ्या, तीच बाई नंतर पुढे सरकणारी पहिली ठरते. ज्याला आपण “कोसळली बिचारी” म्हणतो ती हळूहळू लोकांकडे हात पुढे करते आणि ज्याला “सावरलाय” म्हणतो तो आतून सडत जातो.

आणि त्याचा धंदा काय तर लोकांचं दुःख ऐकायचं. इथे पिक्चर फार कडवट होतो. आधीच्या सीनमध्ये पेशंट येतायत, कुणी बडबड्या, कुणी कंटाळवाणी, कुणी सेक्सच्या नादाने हैराण, आणि तो शांतपणे खुर्चीत, थोडासा मनातल्या मनात हसत पण. मुलगा गेल्यावर तीच खोली, तेच लोक, पण आता एकीचं बोलणं ऐकता ऐकता ह्यालाच रडू फुटतं. ॲनालिस्टला ट्रेनिंगच असतं की पेशंटचं ऐकताना स्वतःच्या मनात जे उठतं ते ओळखायचं आणि बाजूला ठेवायचं, नव्हे वापरायचं. पण बाजूला ठेवायला मनात जागा तर पाहिजे. ऑस्कर समोर बसला की तर संपलंच, ह्या माणसाच्या फोनमुळे मी गेलो हे डोक्यात असताना त्याच्या कॅन्सरची काळजी कशी करणार. शेवटी तो प्रॅक्टिस बंद करायचं ठरवतो, पेशंट भडकतात, एक जण तर खोलीत तोडफोड करतो. त्यांच्या बाजूनेही बघा, त्यांचंही कुणीतरी जातंच आहे.

सायकोॲनालिसिस ज्याने सुरू केलं त्या फ्रॉइडची आठवण इथे काढायलाच हवी कारण जोव्हान्नी त्याच्याच पंथातला. १९१७ साली छापलेल्या शोकावरच्या निबंधात फ्रॉइडने म्हटलं होतं की शोक हे मनाचं एक काम आहे, गेलेल्या माणसात गुंतलेला जीव एकेका आठवणीतून सोडवून घ्यायचा आणि काम पूर्ण झालं की मन मोकळं, नवीन नात्याला तयार. ऐकायला एकदम व्यवस्थित. मग १९२० मध्ये फ्ल्यूच्या साथीत त्याची स्वतःची मुलगी सोफी गेली. आणि १९२९ साली बिन्सवांगर नावाच्या डॉक्टरमित्राचा मुलगा गेला तेव्हा फ्रॉइडने त्याला जे पत्र लिहिलं त्यात सूर पार बदललाय, त्यात तो सांगतो की सुरुवातीची धार जाते पण समाधान काही होत नाही, त्या जागी काहीही आलं तरी ते वेगळंच राहतं, आणि हे असंच असायला हवं, कारण जे प्रेम आपल्याला सोडायचं नाहीये ते टिकवायचा हाच एक रस्ता आहे. थिअरी ज्याने मांडली त्यानेच घरात मूल गेल्यावर ती सोडून दिली, असं म्हणा हवं तर.

इरेनेबद्दल लोक सगळ्यात कमी बोलतात आणि मला तीच सगळ्यात जास्त लक्षात राहिली. भाऊ-बहीण गेलं की लोक विचारतात आई कशी आहे, बाबा कसे आहेत. त्या पोरीला कुणी विचारत नाही, उलट तिलाच सांगतात आता आईबाबांना तूच सांभाळ. तिचं दुप्पट नुकसान होतं, भाऊ तर गेलाच, शिवाय जे आईबाप होते तेही तसे राहत नाहीत, घरात असून नसल्यासारखे. इरेने नेमकं तेच करते जे अशी मुलं करतात, शहाण्यासारखी वागते, दोघांच्या मधे उभी राहते, जेवायच्या टेबलवर वातावरण सांभाळते. आणि मग एका मॅचमध्ये तिचा तोल जातो, हाणामारी होते, तिच्यावर बंदी येते. कोर्टवर जे बाहेर पडलं ते घरात पडायला जागाच नव्हती. बापाचा राग पण बाहेर पडतो तो भांड्यांवर, ह्या घरात सगळं फुटकं आहे, सगळ्याला तडे गेलेत म्हणून किटलीवरून आरडाओरडा. या घरात रागाला कुठेच सरळ रस्ता नाहीये.

चर्चमधला सीन थोडक्यात. पाद्री बायबलमधलं वचन सांगतो, चोर कधी येणार हे घरमालकाला ठाऊक असतं तर त्याने घर फोडू दिलं नसतं, म्हणजे देवाची वेळ आपल्याला कळत नाही असं काहीतरी. जोव्हान्नी घरी येऊन त्या वाक्यावरच उखडतो. आपल्याकडे “देवाला प्रिय होता” म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याचं जे होतं तेच. तिथे दहावा-तेराव्यासारखी दिवसांची आखणीही नाही, आमच्या त्या सगळ्या गोष्टींना कितीही नावं ठेवली तरी पहिले दोन आठवडे काय करायचं हे तरी ठरलेलं असतं. या घराला अंत्यविधी झाल्यावर थेट सोमवार. जोव्हान्नी तर त्याच रात्री एकटा जत्रेतल्या मोठमोठ्या पाळण्यांवर जाऊन बसतो, आजूबाजूला लाइट, गोंगाट, आणि हा आत्ताच मुलाला पोचवून आलेला. विचित्र वाटतं ना? पण दुःखात असलेली माणसं असलं काहीतरी करतात, सांगत नाहीत एवढंच.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या दोन संशोधकांनी १९९९ साली एक वेगळं मॉडेल मांडलं, ज्याने पायऱ्यांची कल्पना बऱ्यापैकी मागे पडली. त्यांचं म्हणणं असं की शोक झोक्यासारखा असतो. एका टोकाला गेलेल्या माणसाची ओढ, रडणं, फोटो, तोच तोच विचार. दुसऱ्या टोकाला रोजचं जगणं, बिलं, शाळा, नवीन जबाबदाऱ्या, थोडं हसणं सुद्धा. निरोगी माणूस या दोन्हींमध्ये येत-जात राहतो, एकाच दिवसात दहा वेळा सुद्धा. दुःखापासून सुट्टी घेणं हा पळपुटेपणा नाही, ते लागतंच. एका टोकाला अडकून बसलात तर त्रास.

आता हे एका घरात लावून बघा. तीन माणसं, तीन झोके, आणि तिघांची लय वेगळी. पाओलाला बोलायचं असतं तेव्हा जोव्हान्नीला नको असतं, त्याला आंद्रेआच्या मृत्यूची चौकशी करायची असते तेव्हा इरेनेला जरा मोकळा श्वास हवा असतो. कुणीच चुकीचं नाही, पण एकाच्या बऱ्या क्षणी दुसऱ्याचा वाईट क्षण येऊन आदळतो. दोघं नवराबायको एका पॉइंटला एकाच घरात परके झालेले दिसतात ते प्रेम कमी झालं म्हणून नाही. मूल गेल्यावर बहुतेक लग्नं मोडतात असं जे बिनधास्त सांगितलं जातं ना, त्याला तसा काही आधार सापडलेला नाही, ताण येतो हे खरं, पण बरीच जोडपी राहतात टिकून. ही पण त्या काठावर येऊन थांबलेली आहेत.

आणि मग ते पत्र येतं. आरियान्ना नावाची कुणी मुलगी, आंद्रेआला उन्हाळी कॅम्पमध्ये भेटलेली, तिने त्याला प्रेमपत्र लिहिलंय, तिला काही माहीतच नाही. घरात कुणाला ही मुलगी माहीत नाही. विचार करा, मुलगा गेलेला आहे आणि त्याच्याबद्दल नवीन बातमी येतेय. जोव्हान्नी उत्तर लिहायला बसतो, लिहितो, फाडतो, जमत नाही. ज्याचा धंदा शब्दांचा त्यालाच एक पत्र लिहिता येत नाही. पाओला सरळ फोन करते, आणि ते पण नीट जमत नाही, पोरगी हबकते, भेटायला नको म्हणते.

आरियान्नाच्या बाजूने थोडं बोलू या. मघाशी आलेल्या केनेथ डोकांनीच १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं होतं ज्याला समाज मान्यताच देत नाही. लपवलेलं नातं असेल, घटस्फोट झालेला नवरा गेला असेल, किंवा ही अशी कॅम्पमधली ओळख. तिला कोण भेटायला येणार, ती कुणाला सांगणार की माझं कुणीतरी गेलं, लोक म्हणतील अगं तू त्याला ओळखत होतीस किती. रडायचा हक्क नात्याच्या लेबलवर ठरतो आपल्या जगात.

काही दिवसांनी ती अचानक दारात येते. तिच्याकडे फोटो आहेत, आंद्रेआने स्वतःच्या खोलीत स्वतःच काढून तिला पाठवलेले, सेल्फ-टायमर लावून, वेडेवाकडे चाळे करत. ही तीच खोली जिच्यात आईबापाला पाय ठेववत नव्हता, आणि तिच्यातलाच एक आंद्रेआ जो त्यांनी कधी बघितला नव्हता. १९९६ साली डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांचं एक पुस्तक आलं ज्याने फ्रॉइडच्या त्या “सोडवून घ्या” वाल्या जुन्या कल्पनेला सरळ आव्हान दिलं. क्लासने मुलं गमावलेल्या आईबापांच्या गटांबरोबर अनेक वर्षं काम केलं होतं आणि त्याला दिसलं की हे लोक नातं तोडत नाहीत, बदलतात. मुलाबद्दल बोलतात, त्याच्या मित्रांना भेटतात, त्याला ओळखणाऱ्यांकडून त्याची गोष्ट पुन्हा ऐकतात आणि त्यातून तो आत कुठेतरी बसतो. जोव्हान्नीचा आंद्रेआ फक्त “जो माझ्याबरोबर पळायला आला असता” एवढाच उरला होता, एका रविवारी गोठलेला. आरियान्नाने आणलेले फोटो त्या गोठलेल्या मुलाला पुन्हा हलायला लावतात. त्याचं एक खाजगी आयुष्य होतं, तो प्रेमात होता, तो विनोदी होता. यात दुःख कमी होत नाही बरं का. पण बापाला पहिल्यांदा त्या फोनशिवाय दुसरं काहीतरी मिळतं विचार करायला.

अजून एक गोष्ट, आरियान्ना एकटी नाही आलेली, बरोबर एक मुलगा आहे, दोघं लिफ्ट मागत फ्रान्सला निघालेत. म्हणजे तिचं आयुष्य पुढे चाललंय. कच्च्या दिग्दर्शकाने इथे आईबापाला दुखावलेलं दाखवलं असतं. मोरेत्ती तसं करत नाही, ते दोघं उलट तिची काळजी घ्यायला लागतात, आम्ही सोडतो तुम्हाला हायवेच्या थांब्यापर्यंत. तिथे पोचतात तर पोरं मागे झोपलेली. उठवत नाहीत. अजून थोडं पुढे, अजून थोडं, करत करत रात्रभर गाडी चालवत पार फ्रान्सच्या सीमेवर, मांतों नावाच्या गावाला. नकाशा उघडून बघा एकदा, आंकोना पूर्वेला आणि मांतों पश्चिमेला, सहाशे किलोमीटरहून जास्त, पूर्ण देश आडवा ओलांडलाय त्यांनी एका समुद्रावरून दुसऱ्यावर. कुणी ठरवलं नव्हतं. आणि हेच मला सगळ्यात खरं वाटतं, की इतके महिने तिघं आपापल्या लयीत फिरत होते आणि दुसऱ्याच कुणाची तरी झोप मोडू नये एवढ्या साध्या कारणासाठी तिघं एका रात्री एका गाडीत एका दिशेने गेले. सकाळी इरेनेला आपल्या प्रॅक्टिसची आठवण होते आणि आईबापाला हसू येतं, कारण आता कुठली प्रॅक्टिस, आपण फ्रान्सच्या दारात उभे आहोत.

शेवटी ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराचं १९७७ चं ‘बाय धिस रिव्हर’ वाजतं. हे गाणं आधी एका सीनमध्ये येऊन गेलंय, जोव्हान्नी सीडीच्या दुकानात जाऊन एका तरुण मुलाला काय गिफ्ट देऊ विचारतो आणि दुकानदार हे लावून दाखवतो. ज्याला द्यायचं तो नाहीये हे दुकानदाराला माहीत नाही.

बऱ्याच रिव्ह्यूमध्ये “शेवटी कुटुंब दुःखातून बाहेर येतं” असं लिहिलेलं असतं, ते मला पटत नाही. बाहेर वगैरे कुणी येत नाही, पिक्चर संपतो तेव्हा जेमतेम काही महिने झालेत. तुलनेसाठी सांगतो, आता डॉक्टरांच्या पुस्तकात लांबलेल्या शोकाचं स्वतंत्र निदान आहे, अमेरिकेच्या २०२२ च्या डीएसएममध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं तिथलं पुस्तक) मोठ्या माणसाला त्यासाठी किमान १२ महिने झालेले पाहिजेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान ६. शिवाय नुसता काळ पुरत नाही, रोजचं जगणं ठप्प झालेलं हवं आणि तो शोक त्या समाजाच्या रीतीपेक्षा फारच पलीकडचा हवा. हे निदान आणलं तेव्हा भांडणं पण झाली, काहींना वाटलं आता रडण्याला पण आजार म्हणणार, काहींना वाटलं की जे खरोखर वर्षानुवर्षं अडकलेत त्यांना निदान उपचार तरी मिळतील. दोन्हीत तथ्य आहे. पण या घरातल्या तिघांना त्यातलं काहीच लागू नाही, ते फक्त शोकात आहेत.

तक्रारी करायच्या तर माझ्याही आहेत. हे घर फारच नीटनेटकं आहे, पैशाची चिंता नाही, प्रॅक्टिस बंद केली तरी चालतंय, दुःख करायला सवड आहे, सगळ्यांना ती मिळत नाही. पेशंट मंडळी काही वेळा नुसत्या गमतीसाठी ठेवल्यासारखी वाटतात. आणि मोरेत्तीला आधीपासून ओळखणाऱ्यांना धक्का बसला होता तो वेगळाच, कारण हा माणूस तोवर स्वतःवरच हसणारे, राजकारणावर तिरकस बोलणारे पिक्चर काढायचा, १९९३ च्या ‘कारो दियारिओ’मध्ये व्हेस्पा स्कूटरवरून रोमभर फिरतो, १९९८ च्या ‘आप्रिले’मध्ये तर स्वतःच्या मुलाच्या जन्माची धांदल दाखवतो. पुढे २०१५ मध्ये ‘मिया माद्रे’ केला, आई जाण्यावर, स्वतःची आई गेल्यानंतर. तोही बघण्यासारखा आहे, पण दोन्ही एका वीकेंडला लावू नका. आणि ज्यांच्या घरात नुकतंच काही घडलंय त्यांना “हा पिक्चर बघ, बरं वाटेल” असं सांगून कृपया पाठवू नका, त्यांनी स्वतः मागितला तर गोष्ट वेगळी.